शीतगृहातला हिरो

६ सप्टेंबर २००४
अखेर हिरो झालो! मनमाडच्या हौशी नाटकांत इतकी वर्षं भालदार-चोपदार उभे केले, आणि आता एकदम सिनेमाचा नायक. तोही एकटाच. मालेगावच्या ओवेसचा रहस्यपट आहे. द्राक्षांच्या शीतगृहात एक माणूस कोंडला जातो आणि अख्खी गोष्ट त्या एका खोलीत घडते. हंगाम नसल्यामुळे दिंडोरी रस्त्यावरचं हे शीतगृह रिकामंच होतं. इंदिरानगरात खोली घेऊन बिऱ्हाड मांडलं. पल्लवीला सातवा महिना आहे. आज तिने शिरा केला आणि वर माझी स्वाक्षरी मागून यथेच्छ टर उडवली. फार खुशीत आहे मी.

८ सप्टेंबर
तोंडातून वाफ दिसायला हवी म्हणून ओवेसने खरोखरचा गारठा सुरू करवला. बाहेरून चित्रण करता यावं म्हणून जाड दारात काच बसवली आहे. आत मी, अंगात नुसता शर्ट. दार आतून उघडायचा एक दांडा होता, पण तो कॅमेऱ्यात दिसतो म्हणून ओवेससाहेबांनी काढून टाकला. राखणदार कोंडाजींना हे मुळीच पटलं नाही. "मानूस हाय त्यो, द्राक्षं नाय," असं त्यांनी सुनावलं. आता मी आतून ठोकायचं आणि त्यांनी उघडायचं, असं ठरलंय.

११ सप्टेंबर
बोटं बधिर होतात. गंमत म्हणजे त्याचा त्रास होत नाही. ओवेस म्हणतो, आता माझा अभिनय दिसतच नाही. हे कौतुक आहे म्हणे. संध्याकाळी चहाचा पेला हातात धरला, तो चटके देतोय हे पल्लवीने सांगितल्यावर कळलं. बाळ लाथा मारत होतं म्हणून तिने माझा हात पोटावर ठेवला. मला काहीच जाणवलं नाही. जाणवलं, असं खोटंच सांगितलं.

१४ सप्टेंबर
घरी पोहोचलो तर पल्लवीने विचारलं, परत कुठे गेला होतात? दुपारी मी येऊन गेलो म्हणे. तिचे पाय चेपले. बाळाची लाथ लागली तसा आनंदाने ओरडलो. हात छान उबदार होते.
दुपारभर मी आत होतो. तसाच परत जाऊन कोंडाजींना विचारलं. "तुमी ठोकलं, मीच दार उघाडलं की," असं ते म्हणाले. ओवेसच्या कॅसेटमध्ये मात्र मी सबंध दुपार आत बसलेला दिसतो.
भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचंच थोडं भय वाटलं.

१६ सप्टेंबर
सिनेमा सोडतो म्हणालो. ओवेस चक्रावला. सकाळीच मी हसत हसत शेवटपर्यंत थांबायचा शब्द दिला होता म्हणे.
पल्लवी म्हणाली, तुम्ही कधी उबदार असता, कधी गार. गार असता तेव्हा मला भीती वाटते.
गार तो मी. तिला सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर
आज इथे येणार नव्हतो. पल्लवीशेजारी झोपलो होतो, डोळे उघडले तर ही शीतगृहातली खोली. वही खिशात आहे म्हणून लिहितोय.
ठोकतोय. आवाज येत नाही. हाताला दार लागतंय की नाही, तेच—

बाहेर नारळ फुटला. शूटिंग संपलं. पेढे वाटतायत. ओवेस कुणाला तरी मिठी मारतोय—
माझा शर्ट. माझं हसणं.

पल्लवी आली आहे. त्याने तिचा हात धरलाय. ती काचेजवळ—
आत पाहतेय. सरळ माझ्याकडे.
ओरडलो. पल्लवी, मी इकडे—

तिने ओळखलं. नक्की ओळखलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पोटावर हात ठेवून ती त्याला बिलगली.
मला वाईट वाटत नाहीये. वाटायला हवं. वाटत—
कोंडाजींना ती या खोलीतल्या दिव्याचं बटण दाखवतेय. त्यांनी मान डोलावली. हात बटणाक—