गुरम्माची नात

निलंगा

प्रिय आरती,

फोनवर बोलता बोलता मला शब्द सापडत नाही, मी गप्प होते आणि तुला वाटतं रेंज गेली. म्हणून लिहायला बसले. हे पत्रही एका बैठकीत होणार नाही.

इथं सगळं ठीक आहे. पप्पांचं सोयाबीन निघालं, मधे पाऊस आडवा आला पण माल वाचला. शिलाई मशीन मात्र मी झाकून ठेवलंय. बायका नाराज आहेत. तुला ठाऊक आहे, एकदा टेप लावला की माप माझ्या डोक्यात राहायचं. करोनातून उठले तेव्हापासून राहीना. एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती बाई घालून बघेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही.

झोपेचंही तसंच. पडल्या पडल्या डोळा लागतो, पण जरा वेळानं उघडतो तो उघडाच. सकाळी उठते ती रात्रभर दळण दळल्यासारखी. मग दुपारी भाजी निवडता निवडता मान पडते. पप्पा म्हणायचे, वय झालं. मीही तेच धरून चालले होते.

आता गुरम्माचं सांगते. शेजारची गुरम्मा तिच्या नातीला अधूनमधून माझ्याकडं सोडायची. पोरगी नुकती पळायला लागलेली. श्रावणात एका सकाळी तिला माझ्याकडं ठेवून गुरम्मा दवाखान्यात गेली. मी पोरीला मांडीवर घेतलं, बिस्कीट दिलं, असं ती सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. ती परत आली आणि म्हणाली, "पोरगी कुठं हाय?"

मी विचारलं, "कोणती पोरगी?"

दार सताड उघडं होतं. पोरगी मेन रोडला मलप्पाच्या किराणा दुकानापुढं सापडली. गाड्या चाललेल्या बघून त्यानंच तिला उचलून घेतलं होतं. गुरम्मा मला एका शब्दानं बोलली नाही. अजूनही रोज चहाला येते. एकटी येते.

मग मी पप्पांना घेऊन लातूर गाठलं. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवून थोड्या वेळानं परत विचारली. निम्मी मला सांगता आली नाहीत. ते म्हणाले, "हे वेड नाही आणि आळसही नाही. करोनानंतर बऱ्याच जणांना होतं. सावकाश सुधारेल, पण किती, ते आज सांगता येणार नाही." झोपायची-उठायची वेळ बांधून दिलीय, एका वेळी एकच काम करायला सांगितलंय. थोडा फरक आहे. थोडाच.

तुझी बाळंतपणाची रजा संपत आली. आई कधी येतेस, असं तू विचारतेस आणि मी गुडघ्यांचं सांगते. परवा तू म्हणालीस, "माझ्याच पोरीचं तुला जड झालं का?" त्यावर मी फोन ठेवून दिला, आणि या वेळी शब्द सापडत नव्हता म्हणून नाही. माझे गुडघे बरे आहेत, आरती. मी नांदेडला येते. चिमीला तेल लावीन, न्हाऊ घालीन, मांडीवर झोपवीन. पण घरात दुसरं कुणीतरी असतानाच. एखादी बाई बघ, उमाशंकररावांनाही हे पत्र दाखव. तू बँकेत गेल्यावर चिमीला माझ्या एकटीकडं ठेवू नकोस. मी "काही होत नाही, जा तू" म्हणाले, तरी ऐकू नकोस.

तुझीच,
आई