आमटीला इंग्रजीत काय म्हणतात

प्रिय रश्मी,

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. इंग्रजीत लिहायचा मी तीन आठवडे प्रयत्न केला. सहा कागद फाडले. जमलं नाही.

इकडे मलकपेठला सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, तरी गच्चीवर कपडे वाळत घालायला तीच जाते. नवी बातमी म्हणजे मी इंग्रजीच्या क्लासला जातो. ऑफिस सुटलं की दिलसुखनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर्गात सगळी तुझ्यापेक्षा लहान. शैलजा मॅडम रोज दोन-तीन सारख्या अर्थाचे शब्द देतात आणि प्रत्येकासाठी आपल्या आयुष्यातलं खरं वाक्य लिहून आणायला सांगतात. तिथेच मी अडतो. ‘सॉरी’ म्हणे धक्का लागला तरी चालतं. मग ते तुला कसं लिहू? ‘रिग्रेट’ मी ऑफिसात वीस वर्षं पाणी बंदच्या नोटिशीत टाईप करतोय. त्या शब्दाने आजवर एकाही घरचा माठ भरला नाही. परवा मॅडम म्हणाल्या, ‘एम्बॅरस्ड’ माणूस चारचौघांत होतो, ‘अशेम्ड’ खोलीत एकटा असला तरी होतो. मी वहीत पहिल्यासमोर तुझं नाव लिहिलं, दुसऱ्यासमोर माझं. मग दोन्ही खोडली. मागच्या बाकावरचा हर्षद म्हणाला, “अंकल, लाइट लो. इत्ता सोचके क्या करते?” इतका राग आला मला! त्याचा नाही, त्या वहीचा. चाळीस पानं भरली आणि तुला लिहायला एक ओळ नाही.

कुसुमआत्याच्या साठीचा दिवस मी विसरलेलो नाही. हिमायतनगरचा तो हॉल, आणि तू मानपत्र वाचायला उभी. मजकूर माझाच, हौसेने जड शब्द घालून लिहिलेला. ‘वात्सल्यमूर्ती’वर तू दोनदा अडलीस आणि मी पहिल्या रांगेतून ओरडलो, “आण इकडे, नाहीतर आत्याची पंचाहत्तरी इथंच व्हायची!” सगळे हसले. तू कागद माझ्या हातात दिलास आणि संध्याकाळच्या बसने बेंगळुरूला निघून गेलीस. त्याला पाच महिने झाले. आईशी बोलतेस, माझ्या मेसेजला फक्त ‘ओके’ येतं. मला वाटत होतं, चूक त्या एका वाक्याची. नेमका इंग्रजी शब्द सापडला, तुझ्या भाषेत तो लिहिला, की भागेल. पण मला तू परत बोलायला हवी आहेस की नुसती माझी सुटका हवी आहे, हेही मी रोज डायरीत लिहितो आणि खोडतो.

मंगळवारी वर्गात ‘सूप’, ‘करी’ आणि ‘ग्रेव्ही’ आले. माझा पेन थांबला. घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. जून २००९, तू दुसरीत. माझ्याच अक्षरात आहे: ‘आजपासून जेवताना मराठी बंद. रश्मीने आमटी मागितली. इंग्रजीत माग म्हटलं. तिला येईना. कोरडा भात खाऊन उठली. होईल सवय.’ आमटीला इंग्रजीत काय म्हणतात हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं, हे मात्र मी लिहिलेलं नाही. आजही माहीत नाही. तुझं मराठी मीच काढून घेतलं, आणि ते तुझ्याजवळ नाही म्हणून सगळ्यांसमोर हसलोही मीच. एवढंच सांगायला हे पत्र. आई म्हणाली, फोनवर मी वाचून दाखवते तिला. मी नको म्हटलं. या वेळी शब्द सोपे घातलेत. सावकाश वाच. जिथे अडशील तिथून मला फोन कर, कितीही वेळा. मी शब्द सांगेन. हसणार नाही.

फोन जवळ घेऊन बसलेला,
तुझाच,
बाबा