सुनंदाताईंचा व्हिडिओ

८ सप्टेंबर, सोमवार
सरांचा घरघंटीच्या मोटरवरचा व्हिडिओ टाकला. सर कोट घालून उभे, हात मागे, पाठ केल्यासारखं बोलतायत. बघणारे बहुतेक आपल्याच कारखान्यातले. पहिली कमेंट सरांच्या मेहुण्यांची, 'अभिनंदन'.
दुपारी केबिनमध्ये बोलावलं. "मीनल, लोक बघत का नाहीत?"
आपल्या घरघंट्या चांगल्याच आहेत. पण घरात दळणारी एकही बाई आपल्या व्हिडिओत नाही. धीर करून तेवढं बोलले. "मग आणा एखादी," म्हणाले. दिवाळीच्या आधी हवंय.

१२ सप्टें., शुक्र.
सर्व्हिसवाल्या शिंदेंनी नांदगावच्या सुनंदाताईंचं नाव सुचवलं. नवरा वारलाय, मुलगी बारावीला. आपली घरघंटी घेऊन गल्लीतल्यांचं दळण करून देतात. फोन केला.
"या की. पण मला भाषण येत नाय."
म्हटलं, भाषण नकोच आहे.

१६ सप्टें., मंगळ.
नांदगावहून आत्ताच आले. अंग मोडून आलंय, पण मजा आली.
सु.ताईंना कॅमेऱ्याची भीती नाहीच. भुवयांवर पीठ, तशाच बोलायला बसल्या. घरघंटी आली त्या दिवशी पिठाची पिशवी नीट न बसवताच बटण दाबलं म्हणे. "मी पांढरी, पोरगी पांढरी, भांडीकुंडी पांढरी. काय झालं म्हणून शेजारीण बघायला आली, ती बी पांढरी होऊन गेली." ओट्यावर दळण घेऊन बसलेल्या बाया हसून लोटपोट. आमचा कॅमेरावाला प्रशांत इतका हसला की चित्र हललं.
नवऱ्याबद्दल विचारलं तेव्हा जरा थांबल्या. "त्यांना बाजरीचीच भाकर लागायची," म्हणाल्या, आणि परत हसल्या. "आता अख्ख्या गल्लीची बाजरी दळते मी."
शेवभाजी खाल्ल्याशिवाय निघू दिलं नाही.

१९ सप्टें., शुक्र.
आईच्या मोतीबिंदूसाठी रजेवर. दवाखान्यात बाकावर बसून फोन उघडला तर व्हिडिओ आलेला. मला न दाखवता. सरांनी गंगापूर रोडच्या एका जाहिरात एजन्सीकडून करून घेतला.
नाव दिलंय, 'नवरा गेला... आणि या माउलीवर काय वेळ आली'. मागे रडका सूर. पिठाची गोष्ट नाही, शेजारीण नाही. त्या थांबल्या होत्या तेवढंच घेतलंय, तेही संथ करून. आता वाटतं रडतायत.
आईला आत नेत होते, म्हणून फोन पर्समध्ये टाकला.

२३ सप्टें., मंगळ.
सकाळपासून फोन. अकोला, सोलापूर, कुठूनकुठून. कोणाला घरघंटी हवी, कोणाला विक्रीची एजन्सी. सरांनी पेढे वाटले, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. खाली कमेंट मात्र, 'ताई रडू नका', 'देव तुमच्या पाठीशी'...

२५ सप्टें., गुरु.
सु.ताईंचा फोन. आधी माझ्या आईच्या डोळ्याची चौकशी केली, शेवभाजी खाताना सांगितलेलं लक्षात होतं. मग,
"ताई, मी रडले कधी?"
म्हटलं, नाही रडलात.
"लोकं घरी यायला लागले. कोणी साडी आणतं, कोणी नुसतं बघून जातं. पोरीला कॉलेजात पोरी म्हणतात, तुझ्या आईचं लय वाईट वाटलं. ते बी असो. पण दळायला येणाऱ्या बाया आता माझ्यासमोर गप बसतात. हसत नायत. मी हसले तरी त्या हसत नायत. मला दुसरं काय नको, तेवढं बंद करा."
रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२६ सप्टें., शुक्र.
सरांशी बोलले. वाईट माणूस नाहीत ते. त्यांना खरंच कळेना.
"आपण त्यांची बदनामी केली का? लोकांना त्यांच्याबद्दल कळवळा वाटला, यात गैर काय?"
"त्यांना तो नकोय, सर."
"तो काढला की बघणारे गेले, मीनल. दिवाळी तोंडावर आहे. आणि त्यांनी संमती दिली होती ना?"
दिली होती. शूटिंगला. संमतीवर सही मीच घेतली होती. 'सहज गप्पा आहेत' असं म्हणून.

२८ सप्टें., रवि.
प्रशांतकडून मूळ चित्रण मागवून घेतलं. घरीच कापाकापी केली. पीठ, शेजारीण, ओट्यावरच्या बाया, सगळं ठेवलं. वर सूर नाही, फक्त घरघंटीची घरघर आणि त्यांचं हसू. बाजरीचं वाक्यही ठेवलं, थांबणं जेवढं होतं तेवढंच.
आई शेजारी पडून होती, डोळ्यात थेंब घातलेले, डोळे मिटून. नुसतं ऐकून हसली. "कोण गं ही? परत लाव."

२९ सप्टें., सोम.
सरांना दाखवला. शेजारीण पांढरी झाली तिथे मोठ्याने हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.
"हा चांगला आहे. पण हा चालणार नाही."
मी सु.ताईंचं म्हणणं परत सांगितलं.
"ठीक आहे. जुना लपवून ठेवतो, हा टाका. दसऱ्यापर्यंत बघू. नाही चालला तर जुना परत."
"मग व्हिडिओचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या, सर."
हे तोंडातून कसं निघालं माहीत नाही.

३० सप्टें., मंगळ.
नवा चढत नाहीये. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, भिशीच्या ग्रुपवर टाकला. पंचवटीतल्या मावशीने तिच्या भजनी मंडळात सगळ्यांना दाखवला. जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही. अकोल्याच्या डीलरचा फोन, "मॅडम, ती रडणारी बाई कुठे गेली?" म्हटलं, ती रडत नव्हती. "बरं, पण ती परत लावा."
येवल्याच्या एका बाईंचा मात्र फोन आला. घरघंटीची माहिती विचारली, आणि शेवटी, "त्या ताई अजून दळतात का हो? भेटायला जावंसं वाटतं."

१ ऑक्टोबर, बुध.
उद्या दसरा. सकाळी कारखान्यात मशीनची पूजा, पूजा झाली की सर आकडे बघणार. आज दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. चिडलेले वाटले नाहीत. पण नक्की काही सांगताही येत नाही. घरी अजून कोणाला काही बोललेले नाही.
संध्याकाळी सु.ताईंचा फोन. मागे बायांचा गलका.
"ताई, किती जणांनी बघितला हो?"
आकडा सांगितला. सांगताना मलाच तो लहान वाटत होता.
मग फोन लांब धरून त्यांनी बायांना ओरडून सांगितलं, आणि परत माझ्याशी, हळू आवाजात,
"एवढे? ताई, आमच्या अख्ख्या गल्लीत एवढी माणसं नायत."
एवढे कमी आहेत, हे मी सांगितलं नाही.