सांडव्यावरच्या आसरा

वेल्हे,
श्रावण वद्य पंचमी, शके १८५८

चि. सौ. बाळाबाई हिस मानसिंगदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. म्हैस व्याली, पारडी झाली, हे ऐकून आई हरखली. तिच्या गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे. इथला पाऊस तर तुला ठाऊकच आहे.

तळ्याचंही तू हौसेनं कळवलंस. मृगात धो धो कोसळूनही घोटाभरच पाणी साठलं, म्हणून जादा पाणी बाहेर काढायला मी आखलेला सांडवा गावानं दगडमातीनं बुजवला. सोनबा पाटील चारचौघांत तुला म्हणाले, "तुज्या भावानं तळ्याला भोक ठेवलंया. जादा पानी येनार कुठनं?" वर त्याच जागी पाण्याच्या देवी, साती आसरा, बसवल्या, शेंदूर लावला, ओट्या भरल्या. आता तिथं पहार लावायला कोण धजेल?

बाई, मृगात जमीन तहानलेली होती. पडलं तेवढं तीच प्यायली. भुकेली पंगत बघून भात कधी उरणारच नाही म्हणावं, तसं झालं हे.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, की झड सुटत नाही, लुगडी वाळत नाहीत, घरातली भुईसुद्धा पाझरायला लागली. तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आता जमीन पोट भरून बसली आहे, ती काही पिणार नाही. मृगासारखा एक पाऊस झाला तर सगळं पाणी तळ्यात येईल आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. आणि बांधाखाली पहिलं घर तुझं. मला फार भीती वाटते आहे.

सोनबांना सांग, आसरांची माफी मागून त्यांना बाजूला बसवा आणि सांडवा मोकळा करा. पाप माझ्या माथी. ते ऐकायचे नाहीत म्हणा, गावासमोर बोललेला शब्द ते गिळणार नाहीत. मग भांडत बसू नकोस. पोरांना घे आणि कामथडीला आत्याकडे जा. लोक हसतील, हसू देत.

मीच आलो असतो, पण ओढ्यांनी वाट अडवली आहे. हे पत्र हरकारा लांबच्या वाटेनं नेईल, केव्हा पोचेल देव जाणे. सकाळपासून समोरचा डोंगर दिसत नाही आणि ढग तुमच्याकडेच सरकत आहेत.

उत्तर घरून लिहू नकोस, कामथडीहून लिही. दुसरीकडून आलेलं पत्र माझ्यानं उघडवणार नाही.

तुझा,
मानसिंगदादा