चार लिप्यांची पाटी

अब्बा, लेकीनं क्वालालंपूरचं, म्हणजे तुमच्या त्या मलायाचं, तिकीट पाठवलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, तशा शहागंजच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या बदलू लागल्या. पाट्या रंगवणारे तुम्हीच. स्वतःच्या हातची उर्दू अक्षरं खरवडून तिथं मराठी लिहायचं, म्हणून रोज संध्याकाळी माझ्या शाळेच्या पाटीवर तुम्ही बाराखडी गिरवायचात. तुमचा ‘ळ’ पाहून मी हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “हसू नको बेटा. ह्या वयात हात लवकर वळत नाय.” त्याच दिवसांत मलायाहून आलेला एक अत्तरवाला तुमच्या दुकानात बसून सांगत होता, तिकडं एका पाटीवर चार लिप्या असतात : चिनी, तमिळ, इंग्रजी आणि आपल्या उर्दूसारखी उजवीकडून लिहायची तिथली मलाय. मग जेवताना तुम्ही तेच बोलायचात. “तिथं काही खरवडावं लागत नसंल.”

अम्मी भाकरी थापत म्हणाली, “जावा. पण परत येऊ दिलं नाय तर?” तेव्हा मोहल्ल्यातली कितीतरी माणसं सरहद्दीपलीकडं गेली होती, परत कुणी आलं नव्हतं. तरी एका सकाळी तुम्ही ट्रंक घेऊन स्टेशनवर गेलात, आणि दिवस मावळायच्या आत परत आलात. ट्रंक खाटेखाली सरकवत म्हणालात, “गर्दी लई होती.” अम्मीनं ताट वाढलं. त्यानंतर घरात मलायाचं नाव निघालं नाही.

आता मी पडेगावच्या घरात बसलेय. लेक फोनवर सांगते, “अम्मी, शेजारची चिनी आजी ईदला संत्री आणून देते. खाली तमिळ अण्णाची इडलीची गाडी आहे. मी कोण, कुठली, कुणी विचारत नाही.” ऐकताना आत्ताच्या आत्ता निघावंसं वाटतं. फोन ठेवला की वेगळेच विचार येतात. विमानतळावर नाव वाचून बाजूला उभं केलं तर? तिथंच काही झालं तर माती कुठं मिळेल?

शेजारच्या वहिनी झाडांना पाणी घालायला तयार आहेत. किल्ली घेताना त्यांनी सहज विचारलं, “महिन्याभरात येताय ना?” मी हसून दुसरंच काहीतरी बोलले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लेकीला मी सांगितलंय, विमानाची भीती वाटते. ते खोटं आहे, अब्बा. तिथून परत यावंसं वाटणार नाही, याची भीती वाटते.