तुम्हाला कळत नाही, असं लिहून दिलं

बाबा, गेल्या आठवड्यात मी माझा कागद केला. चार पानं, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. मला स्वतःचं काही सांगता येईनासं झालं तर माझ्या औषधपाण्याचं कोणी ठरवायचं आणि माझ्यावर काय काय करायचं नाही, ते त्यात आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलंच नाही असं नाही, पण जन्मभर वर्तमानपत्रात नोकरी केली की कोणी मागितल्याशिवाय लिहायची सवय राहत नाही. हे कोणी मागितलेलं नाही.

कारण सांगते. उन्हाळ्यात शेजारची बाई आली होती, तिला मी तिच्या नवऱ्याची तब्येत विचारली. तो जाऊन दोन महिने झाले होते आणि मी स्वतः मातीला गेले होते. ती चहा अर्धा ठेवून उठली. दहा दिवसांनी मी तिला तेच पुन्हा विचारलं. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाचे. म्हणाले, ही सुरुवात आहे, पुष्कळ वर्षं नीट जातील, पण ताई, जे काही लिहून ठेवायचं आहे ते यंदा लिहा. पुढे तुम्ही लिहिलेलं तुम्हीच समजून लिहिलं की नाही, असा प्रश्न कोणी काढू शकतो. मी रिक्षात बसले आणि सगळ्यात आधी तुमची आठवण झाली.

आपल्या घरात कागद करणारे पहिले तुम्ही. लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर तुम्ही ओंडके मोजायचे. लांबी आणि घेर घेतला की कापलेल्या तोंडावर गेरूनं आकडे लिहायचे, आणि ते लिहून होईपर्यंत ओंडका कोणाला हलवू द्यायचे नाहीत. गाडीवर चढल्यावर आकड्यावरून भांडणं होतात, म्हणायचे. टालीवरचा तुमचा एक सोबती ट्रकवरून पडून बेशुद्ध झाला आणि त्याची बायको सहीसाठी दारोदार हिंडली, ते पाहून तुम्ही मला घेऊन कोर्टाच्या आवारात गेलात. तिथल्या टायपिस्टकडून माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून घेतलंत, नोटरी केलंत आणि बाजूच्याच दुकानात त्याला लॅमिनेशन करून घेतलंत. घरी यायच्या आधी टालीवर नेऊन सगळ्यांना दाखवलंत.

“एवढी घाई काहून गा? कुठं जाऊन राहिला?” लाकूड कापणाऱ्या आरा-मशीनवाल्यानं विचारलं.

“जाऊन नाही राहिलो. म्हणूनच करून राहिलो,” तुम्ही म्हणालात. “मले काही झालं तं पोरगी पाहून घेईन. तुम्ही बसा बोंबलत.”

घरी आई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातांनी तो चकचकीत कागद धरायचं नाकारलं. हे मेल्यावरचं आहे काय, एवढंच तिनं विचारलं. तुम्ही तिच्यासमोर पाटावर बसलात आणि शांतपणे सांगितलंत, “मेल्यावरचं नोहे वं. जिता असून कामाचा नसन, तवाचं आहे हे.” तुमचं ते वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं. आपण सगळ्यांनीच ते खरं धरलं होतं.

तुम्हाला लकवा मारला त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तो कागद घेऊन बँकेत गेले. घरात रोजची नर्स लागणार होती आणि ठेव तुमच्या एकट्याच्या नावावर होती. मॅनेजरांनी मला पाणी दिलं, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मला वकिलाकडे जायला सांगितलं. वकिलांनी समजावलं ते असं. मुखत्यार म्हणजे तुमचा हात. देणाऱ्याला स्वतःला समजेनासं झालं की त्यानं दिलेला हातही गळून पडतो. बरे असताना तुम्ही गावाला गेला असता तर या कागदावर मी सगळं करू शकले असते. तुम्ही खाटेवर पडलात आणि तो संपला. “लॅमिनेशन चांगलं केलं आहे,” ते म्हणाले आणि कागद मला परत दिला. चेष्टा करत नव्हते. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. एकच मार्ग उरला होता. कोर्टात अर्ज करून तुमच्यावर पालक नेमून घ्यायचा. पालक हा शब्द मी तोवर फक्त शाळेच्या फॉर्मवर पाहिला होता.

त्या अर्जासाठी आम्हाला काय सिद्ध करायचं होतं, ते तुम्हाला माहीत नाही. निदान तुम्हाला माहीत नव्हतं असं मी धरून चालते. तुम्हाला काहीच कळत नाही, हे सिद्ध करायचं होतं. आणि आईचं तर तुमच्याशी दिवसभर बोलणं चालू असे. चहा पाहिजे काय म्हटलं की पाहिजे असेल तर तुम्ही डावा डोळा मिटायचात, नको असेल तर नुसते पाहत राहायचात. तिनं ते आठ-दहा दिवसांत ओळखलं होतं. पंखा, उशी, रेडिओ, खिडकी, सगळं त्या एका डोळ्यावर चालायचं. मी वकिलांना हे आनंदानं सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. कोर्टाकडून चौकशीला साहेब घरी येतील, त्यांच्यासमोर हे बोलू नका, म्हणाले. थोडं कळतं म्हटलं की मग किती कळतं, ते विचारतील. अर्ज अडकून पडेल. तुम्हाला पालक व्हायचं आहे ना?

मला व्हायचं होतं. भाऊ काटोलला शाळेवर होता, त्यानं संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं, दर रविवारी बसनं यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. बाकी सगळं माझ्यावर होतं.

चौकशीचे साहेब आले तो दिवस मला आजच्यासारखा दिसतो आहे. सकाळचे अकरा. मी तुमची दाढी केली आहे, इस्त्रीचा सदरा घातला आहे. साहेब दारातच चपला काढतात, सभ्य माणूस आहे. “पेशंट कोणते?” विचारतात. आई पदर सावरून म्हणते, “पेशंट नोहे जी. घराचे मालक व्हय ते.” साहेब हसतात. खुर्ची ओढून बसतात. तुम्हाला नाव विचारतात, गाव विचारतात, आज वार कोणता विचारतात. तुम्ही त्यांच्याकडे पाहता. साहेब लिहून घेतात. मग आईकडे वळून विचारतात, “आजी, यांना समजतं का काही?”

“समजते ना जी. डोया...”

“आई,” मी म्हणते, “चहा ठेव साहेबांसाठी.”

ती माझ्याकडे पाहते. स्वयंपाकघरात जाते आणि साहेब जाईपर्यंत बाहेर येत नाही. चहा मीच आणते. जाण्याआधी साहेब लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतात, तशी पद्धत असावी. प्रतिसाद नाही. आकलन नाही. स्वतःचे हित समजण्यास असमर्थ. तुमची खाट तिथून चार हातांवर आहे. त्या दिवशी दुपारी आईनं तुम्हाला चहा पाहिजे काय विचारलं, तेव्हा तुम्ही नुसते पाहत राहिलात.

सात महिन्यांनी आदेश आला. दर तीन महिन्यांनी हिशेब आणि तब्येतीचा अहवाल द्यायचा, या अटीवर मी तुमची पालक झाले. महिनाभरात तुमच्या छातीत कफ भरला आणि तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवावी लागेल, नाही तर दोन-तीन दिवस. सही कोण करणार? मी पिशवीतून आदेशाची प्रत काढली. सही केली.

आई बाहेर बाकावर बसली होती. “त्यायले विचारलं काय तू?”

“त्यांना काय विचारायचं, आई? कोर्टानं लिहून दिलं आहे.”

“कोर्टाले त्यायनं चहा मांगला होता काय?” ती म्हणाली.

तुम्ही त्या नळीवर चार महिने काढले. दिवसातून सहा वेळा ती साफ करावी लागे. भाऊ आला असला तर त्या वेळी अंगणात जाऊन उभा राहायचा. तुमचा डोळा त्यानंतर कशालाच मिटेना, आईनं विचारणंही सोडलं. झोपलात की मिटायचा, तेवढाच. आई तुमच्यानंतर सहा वर्षं जगली आणि त्या बाकावरचं पुन्हा काढलं नाही.

म्हणून मी माझा कागद नीट वाचून केला. पैशांसाठीचं मुखत्यारपत्र आजही तुमच्या वेळी संपलं तसंच संपतं, म्हणून खातं मुलीच्या आणि माझ्या नावावर एकत्र केलं आहे. उपचारांचा कागद मात्र आता करता येतो, आणि आपण बोलेनासे झालो की तो उलट बोलायला लागतो. एक प्रत डॉक्टरांकडे, एक महापालिकेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक मुलीकडे. निर्णय घेणारी म्हणून तिचं नाव आहे. ती आधी ऐकूनच घेत नव्हती. “काहून असं बोलून राहिली तू, आई? धडधाकट आहेस,” म्हणून उठून जायची. शेवटी मी तिला त्या शेजारणीची गोष्ट सांगितली, तेव्हा बसली. चारही पानं तिनं वाचली. गळ्याला छिद्र पाडू नये, या ओळीवर थांबली.

“आजोबांचं केलं होतं ना हे?”

“हो.”

“त्यांना नव्हतं पाहिजे?”

“त्यांना कळत नव्हतं वं काही,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि सही केली. मग कागद घडी करता करता म्हणाली, “मी तं तुले विचारीन बाप्पा. कळो का न कळो.” आणि आम्ही दोघी हसलो.

नळीसाठी सही केली त्याच्या आधी मी दवाखान्यात तुमच्या खोलीत आले होते, बाबा. तुम्ही जागे होता आणि माझ्याकडे पाहत होता. एक वाक्य विचारायचं होतं, अर्धं मिनिटही लागलं नसतं. आदेशात लिहिलं होतं म्हणून मी विचारलं नाही असं नव्हतं. तुम्ही काय सांगाल ते मला माहीत होतं, आणि तुम्ही मला हवे होता. हे मुलीला सांगायला हवं, मला आठवतं आहे तोवरच. काल ती जेवायला आली होती. मी वरण वाढलं आणि भावाच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले.