गाळलेली सोळा पानं

प्रिय मेहविश,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. हसू नकोस. बापाचं अक्षर लागत नाही असंही म्हणू नकोस, तुम्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा बरंच बरं आहे.

द्वारका चौकातलं आपलं दुकान हल्ली दुपारपर्यंतच उघडतो. पुठ्ठे कापून पडलेत, खळ वाळून जाते. वाचनालयाची माणसं बांधायला दिलेली पुस्तकं मागायला दोनदा आली आणि माझं तोंड बघून परत गेली. गोजराबाई भाजी विकून परतताना अम्मीजवळ टेकते, मेथी निवडून देते आणि निघताना मलाच सांगते, "इसाकभाऊ, लय वाळली हो भाभी." जसं काही मला दिसतच नाही!

तू बंगळुरूत बसून उंटावरून शेळ्या हाकतेस असं मी मागे रागात बोललो, ते चुकलंच. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पसरली आहे, आता तिला हवं ते खाऊ द्या, हवं तसं राहू द्या. तू त्यांच्याशी फोनवर भांडलीस. दोनदा तिकीट काढून रद्द केलंस, कारण ते नवं औषध मिळेल का, याचं उत्तर यायचं होतं. "मी रिकाम्या हातानं येणार नाही, अब्बा," म्हणालीस. ते ऐकून मला आपली यक्षाची कादंबरी आठवली.

वाचनालयातून खिळखिळी होऊन आलेली ती जाड कादंबरी. तू अकरा वर्षांची होतीस. दादी नुकतीच गेली होती आणि तू धड जेवत नव्हतीस. मी शिलाई करत करत तुला वाचून दाखवायचो. यक्षाला माणूस व्हायचं होतं आणि त्यासाठी एकेक शक्ती सोडायची होती. उडणं सोडलं, तर पाय दुखायला लागले. पुढचं दिसणं सोडलं, तर कुणाची तरी वाट बघावी लागली, आणि त्याचंच त्याला केवढं अप्रूप! शेवटी उरला बरं करणारा हात. हात ठेवला की दुखणं पळालं. तुझ्यापुरती गोष्ट तिथंच संपली. पुढे त्या हातापायीच तू डॉक्टर झालीस, हे सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरलीस.

बेटा, ती तिथं संपत नव्हती. शेवटचा सोळा पानांचा फर्मा मी काढून ठेवला आणि पुस्तक तसंच बांधलं. बाइंडरनं पानं गाळायची म्हणजे शिंप्यानं बाही गाळण्यासारखं, पण तुला लगेच आणखी एक मरण वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. त्या पानांत यक्ष तोही हात सोडतो. मग त्याची बायको आजारी पडते. त्याला काही म्हणजे काही करता येत नाही. ती जाईपर्यंत तो तिचे केस विंचरत बसतो, आणि लिहिणारा म्हणतो, आता हा माणूस झाला.

हे वाचायला छान आहे. खरं सांगू? मला तो यक्ष आता महामूर्ख वाटतो. असला हात कुणी सोडतं का? मला द्यायचा होता. मी रोज तुझ्या अम्मीजवळ बसतो, पाय चेपतो, पंखा कमीजास्त करतो, आणि माझ्याच्यानं तेवढंच होतं. माणूस होणं म्हणजे हेच असेल, तर फार जड आहे गं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तीन आठवडे झाले, अम्मीनं गोळ्या बंद केल्या आहेत. "बस हो गया, जी," एवढंच म्हणाली. व्हिडिओवर मी तुला रिकामी पाकिटं दाखवतो, त्यातल्या गोळ्या मीच काढून टाकलेल्या असतात. तिला सांगायला जावं तर ती तोंड फिरवते, तुला सांगावं तर तू तुटशील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय माझा. तू ओरड, हवं तेवढं ओरड. पण ती रोज सकाळी विचारते, मेहविश कब आएगी, आणि मी सांगतो, औषध मिळालं की येईल. उद्या मी तिला हे सांगणार नाही. तू रिकाम्या हातानं ये. मला एकट्याला हे बघवत नाही.

तुझाच,
खोटारडा अब्बा